बारा गाठींच्या झाल्या अकराशे बावीस

मानेकाकांनी टर्मिनलवर 12 दाबलं आणि कागदावर 1122 उमटलं. त्यांनी हात मागे घेतला.

मानेकाका सोलापूरच्या एका सूतगिरणीचे स्टोअरकीपर, मूळचे नातेपुत्याचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गिरणीने नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो बसवायला पुण्याच्या कंपनीने मला पाठवलं होतं. कॉम्प्युटर ऑफिसात, टर्मिनल गोदामात. टर्मिनल म्हणजे कीबोर्ड आणि प्रिंटर एकाच पेटीत. पडदा नाही, सगळं कागदावर. मधे केबल. ती जिथे जोडतात तो सिरियल पोर्ट. त्यातून अक्षराचे तुकडे एकामागून एक जातात. जायची तार वेगळी, यायची वेगळी.

“बाई, गोदामात कापसाच्या गाठी बारा हायत,” काका म्हणाले. “ऑडिटवाला हा कागद बघून म्हणंल, बाकीच्या कुटं गेल्या? चोर मीच ठरणार की.”

मशीन ठीक चालतंय अशी त्यांची सही मिळाल्याशिवाय मला परत जाता येणार नव्हतं. आणि ते सही करणार नव्हते. त्यांच्या जागी मीही केली नसती.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. माझे साहेब, दातार, म्हणाले, स्पीड तपासा. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही तर भलतीच अक्षरं येतात. आमची अक्षरं बरोबर होती, फक्त दोनदा. तरी तपासला. जुळत होता.

मग कागद नीट वाचला. गाठी किती, हा कॉम्प्युटरचा प्रश्न एकदाच छापलेला होता. दुप्पट होत होतं ते फक्त काकांनी टाइप केलेलं. म्हणजे तेवढंच दोघेजण छापत होते.

आपण दाबलेलं अक्षर कॉम्प्युटरकडे जातं, तो ते परत पाठवतो, मग ते छापलं जातं. याला एको म्हणतात. पण टर्मिनलच्या मागे एक स्विच होता, हाफ आणि फुल. फुलवर टर्मिनल कॉम्प्युटरकडून आलेलंच छापतं, हाफवर कुणाची वाट न बघता स्वतःही छापून मोकळं होतं. आमचं हाफवर होतं. स्विच फुलवर केला. 12 दाबलं, 12 आलं.

मी खूश. काका नाहीत. आताचं खरं आणि मगाचं खोटं कशावरून, असं त्यांनी विचारलं.

मी केबलच काढली. फुलवर त्यांनी टाइप केलं, कागद कोराच. हाफवर केलं, 12 उमटलं.

काकांनी त्या 12 वर बोट ठेवलं. “म्हंजे पलीकडं कुनी नसलं तरी हे छापतंय.”

“हो.”

“मग फुलवरच ऱ्हाऊ द्या.”

केबल जोडली, साठ्याचा रिपोर्ट काढला. बारा गाठी. काकांनी सही केली आणि चहा मागवला.

पुढे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना वर्गात कुणीतरी विचारलं, पासवर्ड टाइप करताना अक्षरं का दिसत नाहीत? कॉम्प्युटर ती परत पाठवत नाही म्हणून, हे मी लगेच सांगितलं. मास्तरांना वाटलं मी पुस्तक वाचून आलेय.

अजूनही टर्मिनल बिघडलं की मी आधी केबल काढून टाइप करते. अक्षर दिसलं म्हणजे ते पोचलं असं धरून चालत नाही.