बुरशी काढून मिळेल

पावसाळा सरला की भोरमधल्या आमच्या घरी जुने कॅमेरे यायला लागतात. वेल्ह्याकडच्या ओलीत कपाटातल्या लेन्सलाही आतून बुरशी धरते. ती मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काढते. लेन्स ज्याची त्याला परत जाते, किस्से मात्र माझ्याकडेच साठतात.

*

पहिली लेन्स आमच्या ह्यांची. उघडली, पेरॉक्साइडनं काचा पुसल्या, परत जोडली. एक काच उलटी बसली ते कळलंच नाही. शेजारच्या काकूंचा फोटो काढला तर सगळा धूसर! मी ओशाळले. काकूंनी मात्र फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला.

"हितनं पुढं माजा फोटो ह्याच लेन्सनं काढायचा. एक सुरकुती दिसत न्हाई."

*

ऊन दाखवलं की बुरशी मरते, असं कुठंतरी ऐकलं आणि एक लेन्स गच्चीत वाळत घातलेल्या गोधडीवर ठेवली. थोड्या वेळानं जळका वास आला. सासूबाई वर जाऊन लेन्स घेऊन आल्या.

"बुरशीचं ठाऊक न्हाई. गोधडीला मातुर भोक पडलं."

*

राजगडाच्या पायथ्याच्या पालीत ट्रेकरना पिठलं-भाकरी करून घालणारे एक दादा आहेत. कुणीतरी त्यांना जुना कॅमेरा भेट दिला होता. लेन्स आणली ती ओरखड्यांनी पांढरी झालेली. कशानं पुसली, विचारलं.

"राखेनं. कंदिलाची काच आमी राखेनंच पुसतो की."

*

विंझरचे नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. त्यांची बायको गेली त्यानंतर काही महिन्यांनी ते तरुणपणीचा कॅमेरा घेऊन आले आणि काम होईपर्यंत समोरच बसले.

पुढची काच काढली तर आतल्या काचेवर अंगठ्याचा ठसा. लहानसा. बुरशी बरोब्बर त्याच्या रेषा धरून वाढलेली. आधी कुणी उघडली होती का, मी विचारलं.

नानांनी वाकून तो ठसा बघितला. मग म्हणाले, लग्न नवीन होतं तेव्हा बायकोनं त्यांना न विचारता स्क्रू काढून आत काय आहे ते बघितलं होतं. त्यावरून ते तिला लई बोलले होते.

मी कापसाचा बोळा उचलला. नानांनी हात मधे घातला.

"बाकीची पुसा ताई. तेवढी ऱ्हाऊ द्या."

"नाना, ती पसरेल. सगळी काच धरेल."

"पसरू द्या," नाना म्हणाले.