दारावरचं शिंगाळं डोकं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागमध्ये रोज लाठीमार होऊ लागला, तेव्हा आमच्या चाळीनं मोठं लाकडी दार बसवायचं ठरवलं. त्या कामाला आलेल्या सुताराचं नाव मी कधी विचारलं नाही. मालवणकडचा होता, लंगडायचा आणि पटाशी लावण्याआधी गुराला थोपटावं तसा लाकडावरून हात फिरवायचा.

दारावर गणपती हवा होता. त्यानं गणपती कोरला आणि खाली रुंद शिंगांचं एक डोकंही. माझे वडील चिडले. "हा रेडा कशाला?"

"रेडो नाय, डोंगरी बैल," तो म्हणाला. "जपान्यांशी लढाई झाली तेव्हा मी आसामकडे नागा लोकांच्या मुलखात होतो. ज्यानं अख्ख्या गावाला जेवू घातलं, त्याच्या मानाचं हे डोकं ते वेशीच्या दारावर कोरतात. पायाला गोळी लागली, तेव्हा असल्याच दारातून त्यांनी मला आत घेतलं."

वडिलांनी ते डोकं तसंच राहू दिलं.

चारच दिवसांनी, सुताराचं काम संपत आलं असताना, नाक्यावर पोलिसांनी गोळीबार केला. बाहेर माणसं दारावर थापा मारू लागली.

"उघडू नका, पोलीस घुसतील!" वडील ओरडले.

सुतार लंगडत पुढे गेला आणि त्यानं अडसर काढला. वीसेक अनोळखी माणसं धापा टाकत आत आली. घराघरांतून पिठलं-भात आला. सगळ्यांबरोबर सुतारही पंगतीला बसला आणि वडिलांनी स्वतः त्याला वाढलं. त्यांना कुणाला वाढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही कधी पाहिलं नाही.