बेचाळिसावा अर्ज

उद्याच्या शिक्षकांना लिहायला शिकवणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला आंघोळ कशी करावी ते सांगणं, असं त्या अध्यापक महाविद्यालयात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचं मत होतं. वेगळं मत असलेले एकटे पेन्सिल सर. बावीस वर्षं ते ‘लेखन’ हा तास घेत होते आणि बावीस वर्षं वेळापत्रकात त्या तासाला जेवणानंतरची, डोळे मिटायची वेळ मिळत होती.

पेन्सिल सर हे नाव पडलं ते लाल पेनाच्या वैरामुळे. लाल पेन घेऊन वर्गात येणाऱ्याला ते दारातच असे अडवत, जणू त्याच्या खिशात सुरा सापडला आहे. त्यांच्या तासाचा रिवाज ठरलेला. लिहिलेल्या कागदावर नाव घालायचं नाही. गठ्ठा पिसून वाटायचा, हाती येईल तो कागद मोठ्याने वाचायचा आणि खाली पेन्सिलीने तीनच ओळी लिहायच्या: मला काय पोचलं, मी कुठे अडखळलो आणि लिहिणाऱ्याला माझा एक प्रश्न. चौथी ओळ लिहिणाऱ्याला फळा पुसावा लागे.

“घरीसुद्धा हेच!” त्यांची बायको शेजारणीला सांगायची. “सामानाची यादी दिली तर खाली लिहून आणलं, ‘थोडा साबण’ इथे अडखळलो. थोडा म्हणजे किती? अन् साबण आणलाच नाही!”

यंदा मात्र सरांचं टोक मोडलं. त्याला दोन कारणं. पहिलं म्हणजे प्राचार्यांचे शिक्के. त्यांनी सहा रबरी शिक्के बनवून घेतले होते: ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘अक्षर सुधारा’, ‘नीटनेटकेपणा हवा’, ‘पालकांची सही आणा’ आणि सहाव्यासाठी काही सुचेना म्हणून ‘पाहिले’.

“शिक्का असताना शिक्षकाने लिहायचं कशाला?” प्राचार्य म्हणाले. “हा तास बंद करू या, सर. पण आम्ही काढला असं दिसायला नको. तुम्हीच अर्ज करा. तब्येतीचं कारण घाला. शुक्रवारपर्यंत द्या.”

एरवी सर भांडले असते. पण आदल्याच आठवड्यात वर्गाने ‘मी शिक्षक का होणार’ हा निबंध लिहून दिला होता, आणि बेचाळिसांपैकी एकतीस जणांनी शिक्षकाला दीपस्तंभ म्हटलं होतं. एकतीस! एवढे दीपस्तंभ असलेल्या किनाऱ्यावर जहाजांचे डोळेच दिपतील. उरलेल्या अकरांपैकी नऊ जण मेणबत्त्या होते. बावीस वर्षांच्या पेन्सिली पाण्यात गेल्या, असं वाटून सरांनी घरी येऊन अर्ज खरडला. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, म्हणून पक्की प्रत नेहमीप्रमाणे बायकोने केली.

“मला नाही पटत,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “तुमच्या तब्येतीला काय धाड भरलीय? काल चार पोळ्या खाल्ल्यात.”

“तू लिही गं.”

“लिहितेय. पण सही तुमची तुम्ही करा. खोट्याखाली मी नाव घालणार नाही.”

सही सकाळी करू म्हणून सरांनी तो कागद पिशवीत टाकला. पिशवीत आधीच एक गठ्ठा होता. वर्गाला त्या आठवड्याचं काम दिलं होतं, ‘एका शिक्षकाने प्राचार्यांना केलेला अर्ज’. असे एकेचाळीस अर्ज, सगळे बिननावाचे. एक मुलगी त्या दिवशी गैरहजर असल्यामुळे एक कागद कमी होता. शुक्रवारी सरांनी सवयीने गठ्ठा पिसला, वाटला, आणि बेचाळीस जणांना बेचाळीस कागद बरोब्बर पुरले. सरांना त्याचंही काही वाटलं नाही!

तिसऱ्या बाकावरून शिवणबाई उठल्या. वय चाळीस. वीस वर्षं कपडे शिवून, मुलं मार्गी लावून शिक्षिका व्हायला निघालेल्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली, “प्रकृती अस्वास्थ्यामुळे मला लेखनाचा तास घेणे यापुढे शक्य होणार नाही. तसेच आजच्या विद्यार्थ्यांना या विषयाची गरज उरलेली नाही...”

सरांच्या हातातला खडू खाली पडला. कागद हिसकावून घ्यावा, तर आपला आहे हे कळणार. गप्प राहावं, तर पुढच्या तीन ओळी ऐकाव्या लागणार. ते खडू शोधायला टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

“काय पोचलं,” शिवणबाई म्हणाल्या. “हा माणूस आजारी नाही, रुसलाय. कुठे अडखळले? ‘गरज उरलेली नाही’ इथे. गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापल्यासारखं आहे हे. विद्यार्थ्यांना विचारलं का कुणी? आणि प्रश्न असा की, आपण शिक्षक का झालो हे या माणसाने स्वतः कधी खरं खरं लिहिलंय का?”

वर्गात एकजण म्हणाला, “बाई, जाऊ द्या की. मार्कांपुरता अर्ज आहे.”

“मार्कांपुरता असता तर अक्षर एवढं सुरेख काढलं नसतं कुणी,” शिवणबाई म्हणाल्या. “कुणीतरी मन लावून लिहिलाय. म्हणून तर विचारतेय.”

सर टेबलाखालून वर आले. कपाळावर खडू लागला होता. “माझा आहे तो,” ते म्हणाले.

शिवणबाईंनी पदर तोंडाशी नेला. “सर, मी... रुसलाय म्हणाले हो मी!”

“बरोबर म्हणालात. बसा. कागद काढा सगळ्यांनी. दीपस्तंभ विझवा, मेणबत्त्या फुंका. मी शिक्षक का होणार, पुन्हा. मीही लिहितो.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा पेन्सिल सर विद्यार्थ्यांच्या बाकावर, शिवणबाईंशेजारी, गुडघे अडकवून बसले. तीन वेळा खोडलं. शेवटी उठून त्यांनी आपलं पहिलं वाक्य वाचलं: “आमच्या घरात खुर्ची नव्हती आणि गुरुजींच्या खुर्चीला हातसुद्धा होते, म्हणून मला शिक्षक व्हायचं होतं.”

वर्ग खदखदून हसला. मग एकेक कागद वर येऊ लागला. एकाला मोठ्या भावासारखं दुकानात उभं राहायचं नव्हतं. एकीला तिच्या बाईंनी सगळ्यांसमोर ‘दगड’ म्हटलं होतं आणि तिला त्या बाईंपेक्षा बरी बाई व्हायचं होतं. दीपस्तंभ एकही नव्हता.

“आता पोचलं,” शिवणबाई म्हणाल्या.

तास सुटल्यावर सर प्राचार्यांच्या खोलीत गेले.

“अर्ज आणलात?”

“आणला होता. वर्गाने परत केलाय. पुन्हा लिहायला सांगितलंय,” असं म्हणून त्यांनी पेन्सिलीच्या तीन ओळींसकट तो कागद पुढे केला. “हा नवा. आठवड्याला एकाऐवजी दोन तास हवेत. जेवणाआधी.”

प्राचार्यांनी दोन्ही कागद वाचले. शिवणबाईंच्या ओळी दोनदा वाचल्या. मग खण उघडून सहाच्या सहा शिक्के उलटेपालटे करून पाहिले. एकही बसेना. शेवटी त्यांनी शिपायाकडून पेन मागून घेतलं, बराच वेळ ते कागदावर धरलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘या वर्षी चालू ठेवा. दोन तासांचं बघतो.’

सरांनी ते वाचलं, खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, “साहेब, ‘बघतो’ इथे जरा अडखळलो.”