पेटीतली लाही

पट्टीला कोणाचं बोटही लागलं नव्हतं, अन् पेटी वाजत होती. भाता हलवला की एकच सूर, ऊंऽऽ करून. समोर अल्लीपूरच्या भजनी मंडळाच्या दोघी. गाणारी सुमनबाई अन् पेटीवाली बेबीबाई. बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या, मधात आणखी दोघी मावतील इतकी जागा सोडून.

मी पिपरी मेघेला घरीच हार्मोनियम रिपेअरिंग करते. शिकवलं कोणी नाही, उघडत-जोडत शिकले.

"शकुनताई, तिले इचारा, पेटी कुठं आपटली?" सुमनबाई म्हणाली.

"शकुनताई, तिले सांगा, म्या आपटली नाई."

"बायांनो, मी पेटी उघडू का तुमची पोस्टमनकी करू?"

काम अर्जंट होतं. सप्ताह तोंडावर आला होता. मंडळातल्या बायांनी या दोघींना बजावलं होतं, पेटी दुरुस्त करा अन् तुम्हीही दुरुस्त होऊन या, नाहीतर यंदा मंडळच बंद.

आता पेटी अशी का रडते, ते सांगते. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामड्याची गादी असते. ती भोकावर नीट बसली की सूर गप्प. गादीखाली काही अडकलं की हवा निसटते अन् सूर वाजत राहतो. मी पट्टी काढली. खाली ज्वारीची लाही! दह्यात भिजून वाळलेली, दगडासारखी.

तळहातावर ठेवून दाखवली. दोघींनी वाकून पाहिलं.

"काल्याची हाये," बेबीबाई हळूच म्हणाली.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दही-लाह्यांचा काला होतो, एकमेकींना भरवायचा. मागच्या काल्याला सुमनबाई माइकवर बोलली होती, "बेबे, पेटी वाजवून राह्यली का कापूस येचून राह्यली?" सारा मांडव हसला. मग तीच काला भरवायला आली, तर बेबीबाईनं हात झिडकारला. काला सांडला पेटीवर. तेव्हापासून पेटी बंदच पडून होती.

"मले शिव्या दिल्या असत्या, चाललं असतं," सुमनबाई म्हणाली. "देवाचा प्रसाद झिडकारला, शकुनताई."

"तवापासून माळ घेऊन बसते," बेबीबाई म्हणाली, "तं देवाच्या जागी हिचंच तोंड दिसते. जप होतच नाई."

सुमनबाई पहिल्यांदा तिच्याकडं वळली. "मलेही तुह्यंच दिसते. अन् तेही फुगलेलं."

बेबीबाईला हसू आलं, रडूही आलं. "चुकलं माह्यं, सुमन."

"अन् माह्यंही. माइक नसता तरी बोलली असती मी, जीभच तशी हाये. माफ कर."

माझ्या डब्यात दहीपोहे होते. सुमनबाईनं विचारलंही नाही, सरळ घास घेतला अन् पुढं केला. बेबीबाईनं तोंड उघडलं. चावून म्हणाली, "मीठ कमी हाये."

मी पट्टी बसवली, भाता हलवला. पेटी गप्प. मग बेबीबाईनं सूर धरला अन् सुमनबाई अशी गायली, की शेजारीण कणकेच्या हातानं दारात आली.

परतीच्या ऑटोत कडेला कोण बसणार यावरून त्या भांडल्या. पण एकमेकींशी भांडल्या, माझ्यामार्फत नाही.

मंडळ चालू आहे. माझा जेवणाचा डबा मात्र त्या दिवशी गेला. तेव्हापासून कोणाची पेटी आपोआप वाजत आली, की मी दोन गोष्टी विचारते. पेटीजवळ काय खाल्लं? अन् कोणाच्या हातचं नाही खाल्लं?