आईच्या कानाचं मशीन

आईशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी आखातातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, आई वहिनीबरोबर सोलापूरजवळ मंद्रूपला. गेल्या काही वर्षांत तिचे कान पार गेले. मी बोलते, वहिनी ते तिला मोठ्यानं सांगते आणि निम्मं गाळते. मला आईशी एकटीशी बोलायचं होतं, मधे कुणी नको होतं.

म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी केलेल्या तिच्या कानांच्या तपासणीचे कागद इथल्या दुकानात दाखवले आणि पैसे साठवून मशीन घेतलं. दुकानाबाहेर पडल्या पडल्या फुटपाथवरूनच फोन लावला. "आई, तुझ्या कानाचं मशीन घेतलंय. मंद्रूपला येताना आणते." चारचारदा ओरडून सांगितलं. येणारे-जाणारे वळून बघत होते, मला त्याचं काय.

फोन ठेवला तर शेजारी एक बाई उभी. "मंद्रूपच्या व्हय ताई तुमी?"

परक्या देशात, भर रस्त्यात असं कुणी विचारलं की काय होतं ते सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती वैरागची म्हणाली. मंद्रूपला नणंद दिलेली. इथं मुलाकडं आली होती, उद्या परत निघायचं होतं. "लई दिवसांनी असलं बोलणं कानावर पडलं बगा."

आमच्याकडं वस्तू कुरिअरनं जात नाहीत, माणसाबरोबर जातात. सोलापूरच्या स्टँडवर मंद्रूपच्या गाडीत जो बसला असेल त्याच्या हातात पिशवी द्यायची आणि उतरल्यावर आमचा माणूस उभा असेल म्हणून सांगायचं. औषधं, चष्मे, लग्नाच्या पत्रिका, माझा शाळेचा दाखलासुद्धा असाच गेला. नाव-गाव खोदून विचारलं तर समोरच्याला वाईट वाटतं. आजवर एकही पिशवी चुकलेली नव्हती.

तेव्हा मीच म्हणाले, एवढं घेऊन जाता का? तिनं मागितलं असतं तर मी सावध झाले असते. पण बाई मोठी पक्की. "नको ओ ताई, जोखमीची वस्तू. वाटंत काय झालं तर तुमाला काय त्वांड दाखवू?" मी गयावया केली. शेवटी तिनं मशीन घेतलं, कपाळाला लावलं, नंबर दिला आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून चीड येते.

लगेच वहिनीला कळवलं, एक बाई मशीन घेऊन येतेय, आईला सांग. नंबर संध्याकाळपासून बंद. विमानात असेल, कार्ड बदललं असेल, अशी मीच स्वतःची समजूत घालत राहिले. वहिनीनं मंद्रूपात वैरागहून आलेल्या सगळ्या सुनांना विचारलं. अशी भावजय कुणालाच नव्हती. इथल्या पोलिसांनी बाईचं नाव विचारलं, ते माहीत नाही. पत्ता माहीत नाही. मग दिलंत कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती आमच्याकडचं बोलत होती, एवढंच मी सांगितलं. तिचं बाकी सगळं खोटं होतं, बोली तेवढी खरी होती. राग त्याचाच जास्त येतो.

दुसरं मशीन घेण्याइतकी ताकद नव्हती. वहिनीला म्हटलं, आईला तू सांग.

"तुमीच सांगा वन्सं, मला न्हाय सांगवत. रोज सकाळी दारात बसत्यात. त्या बाईसाठी शेंगापोळ्या करून ठिवल्यात."

मग मीच फोन लावला. ती बाई येणार नाही आई, ती चोर होती, असं घसा फाटेस्तोवर ओरडले. पुन्हा ओरडले. माझ्या खोलीत राहणाऱ्या दोघी उठून बाहेर गेल्या.

 आई मायेनं म्हणाली, "कशाला एवढा घसा फोडतीस? ती बाई मशीन घिऊन आली की बोलू की निवांत."