काकवीतली वाम

आमचे हे त्या संध्याकाळी कारखान्यातून आले ते पत्र्याचा एक तुकडा घेऊन. पत्र्यावर खडूनं वाडगा काढला होता. वाडग्यात ठिपके, ठिपक्यांवर एक लांबट आकृती आणि तिच्यावर दोनचार रेघा. "ठिपके म्हणजे भात," हे म्हणाले. "वर मासा. उद्या दुपारच्या सुट्टीत जपानी साहेबांना जेवायला आणतोय. एवढंच करायचं."

"आमटी?" मी विचारलं. "नको." "भाजी?" "नको." "निदान चटणी?" "अगं, तिखट नको म्हणून तर इथं आणतोय. काकडी चालेल."

म्हणजे पाहुण्यापुढे नुसता वाडगा सरकवायचा. आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला असं जेवण देतात, असं मी फणकाऱ्यानं म्हणाले. पण खरं सांगायचं तर आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रत्नागिरी सोडून या चाळीत आल्याला वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या दिवसांत माझ्या हातचा मासा खायला परका माणूस कोणी आला नव्हता. आला तोही थेट जपानहून.

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. यांच्या कारखान्यात जपानचं एक यंत्र आलं होतं आणि ते बसवायला हे साहेब. त्यांच्या हाताखाली शिकायला म्हणून हेल्परांमधून यांना निवडलं होतं, तेव्हापासून यांची चालच बदलली होती. आणि आता साहेबांनी अन्न टाकलं होतं. कंपनीच्या बंगल्यातला खानसामा तिखट कमी करून करून रडकुंडीला आला, तरी साहेब दोन घास खाऊन ताट सरकवायचे. माणूस वाळत चालला होता. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आठवडा बघू, नाहीतर साहेबांना मायदेशी पाठवलेलं बरं. साहेब गेले की यंत्र अर्धवट, आणि हे पुन्हा हेल्पर. वाडग्यावर काय काय अवलंबून आहे ते मला कळत होतं.

साहेबांना मराठीतला एकच शब्द येत होता, 'उद्या'. कुठलाही सुटा भाग मागितला की आमची माणसं "उद्या" म्हणायची. बिचारे तेवढंच शिकले.

सकाळी उजाडताच मी चिंचवडला नदीवर गेले. तिथं भोयांची एक बाई पाटी घेऊन बसायची. नदीच्या माशाला मी एरवी नाक मुरडायची. पण त्या दिवशी पाटीत हातभर लांबीची वाम वळवळत होती आणि मला पत्र्यावरची ती लांबट आकृती आठवली.

"जित्ती हाय बाय," ती म्हणाली. "कुणी पावनं हायेत का?"

"जपानचे आहेत."

"ते कुठशी आलं? मावळाच्या पल्याड?"

"खूप पल्याड."

"मंग काटा काढून दे. लांबचा मानूस, घशात अडकाया नगं," असं म्हणत तिनं राखेच्या हातानं ती निसरडी वाम धरली, सोलली, चिरली आणि मधला काटा सरळ ओढून काढून दिला. मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

आता प्रश्न त्या रेघांचा होता. माशावर काहीतरी काळं, खारट आणि जरासं गोड लावतात, एवढं साहेबांनी यांना खुणांनी सांगितलं होतं. काळं, खारट, गोड. मी डबे उघडून बसले. कुरुळीच्या गुऱ्हाळातली काकवी होती, ती काळी आणि गोड. तिच्यात मीठ घातलं. चाखलं तर नुसतंच गुळमट. मग आल्याचा रस पिळला आणि शेवटी माहेरहून आणलेल्या कोकमाच्या आगळाचे चार थेंब टाकले. बोट चाटलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. हे आधी कुणाला का सुचलं नाही, असं वाटून गेलं. जपान्यांना सुचलं होतंच म्हणा.

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की दोघं निघणार आणि तासाच्या आत परतणार, त्यामुळे सगळं झटपट हवं होतं. स्टोव्हवर भात चढवला आणि शेगडी फुलवली. तिच्यावर पापड भाजायची जाळी ठेवून वामीचे लांब तुकडे मांडले. तेलाचा थेंब नाही. पातीच्या कांद्याची एक काडी काकवीत बुडवायची, माशावर फिरवायची, उलटायचं, पुन्हा फिरवायची. काकवी निखाऱ्यावर पडून चर्र व्हायची आणि असा वास सुटायचा की मी दार लावून घेतलं, नाहीतर सगळी चाळ आत आली असती. काकडीच्या पातळ चकत्यांवर लिंबू पिळलं. मूठभर तीळ भाजले. इतका कमी स्वयंपाक मी आयुष्यात केला नव्हता आणि इतकी दमलेही नव्हते.

तेवढ्यात भाताचं झाकण काढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावळातला नवा आंबेमोहोर, त्यात घाईत पाणी जास्त झालेलं. भाताचा नुसता गोळा झाला होता. लग्नाआधी मला बघायला आलेल्यांनी मोकळ्या भाताची तारीफ केली होती, आणि आज हे. दुसरा भात टाकायला वेळ नव्हता. डोळे पुसले आणि तोच वाडग्यात भरला.

नुसता वाडगा पाहुण्यापुढे ठेवायला मात्र मन घेईना. पाटाभोवती रांगोळी काढली. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याच्या पानाशेजारी उदबत्ती लावायचीच. उदबत्तीचं घर बिऱ्हाड हलवताना कुठंतरी राहिलं होतं आणि खोचायला केळंही नव्हतं. मग एका वाटीत तो गिच्च भात दाबून भरला, त्यात दोन उदबत्त्या रोवल्या आणि वाडग्याशेजारी ठेवल्या. भाताचा काहीतरी उपयोग झाला म्हणून मला बरं वाटलं.

साहेब आले. वाकून नमस्कार केला, पाटावर नीट मांडी घालून बसले, खिशातून फडक्यात गुंडाळलेल्या दोन काड्या काढल्या. मग त्यांची नजर वाटीवर गेली आणि हात जागच्या जागी थांबला. चेहरा पांढराफटक पडला. यांनी माझ्याकडं पाहिलं, मी यांच्याकडं.

साहेब मोडक्या इंग्रजीत हळूहळू बोलले आणि यांनी मला सांगितलं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसापुढेच भातात अशा काड्या उभ्या रोवतात आणि जवळ उदबत्ती लावतात.

मी वाटी उचलायला धावले, तर साहेबांनी हात आडवा केला. वाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी भिंतीशी नेऊन ठेवली. मग आपल्या वाडग्यातला वामीचा एक तुकडा काड्यांनी उचलून त्या भातावर ठेवला, हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. उदबत्तीची राख भातावर पडत होती.

डोळे उघडल्यावर ते पुन्हा यांच्याशी बोलले. मग यांनी मला सांगितलं. "गेल्या महिन्यात त्यांची आई वारली. इथं तार आली. जाऊन पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून गेले नाहीत, कुणाला बोललेही नाहीत. आईसाठी भात ठेवायचा राहिला होता, म्हणतात. तिला हा मासा आवडायचा." थोडं थांबून हे म्हणाले, "अगं, जेवण सुटलं तेही गेल्या महिन्यापासूनच. आणि आम्ही बसलोय खानसाम्याच्या मिरच्या मोजत."

मग साहेब वाडग्याकडे वळले. काड्यांनी त्यांनी भाताचा गोळा उचलला. गोळा होता म्हणूनच तो उचलला गेला, मोकळा भात घरंगळला असता. दुसरा घास, मग वामीचा तुकडा, मग काकडी. थांबलेच नाहीत. वाडगा रिकामा करून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी परत भरून दिला, तोही संपला. मला एवढा आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना, आणि मी उगीचच यांच्यावर ओरडले की पाणी कोण वाढणार.

जेवण झाल्यावर साहेबांनी वाटीकडे बोट दाखवून विचारलं, तुमच्यात याचं पुढं काय करतात? यांनी सांगितलं, कावळ्याला ठेवतात. कावळा शिवला तर गेलेल्या माणसाचा जीव शांत झाला म्हणायचं. साहेब लगेच उठले.

चाळीमागच्या बुटक्या भिंतीवर त्यांनी वाटी ठेवली. शेवग्यावर कावळा होताच. भातावर भाजलेला मासा, आणि कावळा मान तिरपी करून नुसता बघत राहिला. मासा बघून न येणारा कावळा मी तोवर पाहिला नव्हता, आणि आम्ही कोकणातली माणसं कावळ्यांना चांगलं ओळखतो. साहेब हात जोडून उभे. हे कारखान्याच्या दिशेनं बघत होते, भोंगा कधीही होणार होता.

आमच्यात कावळा अडला की घरातलं मोठं माणूस पुढं होतं, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून कबूल करतं. तिथं मोठं कोण होतं? सगळे परमुलखातले. मग मीच पदर सावरून पुढं झाले. साहेबांच्या आईंना मराठी कळणार नाही हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

"आई," मी म्हणाले, "तुमचा मुलगा इथं आहे तोवर माझ्या घरी जेवेल. रोज. त्याची काळजी करू नका."

कावळा उतरला. आधी मासा उचलला, मग भातात चोच घातली.

मी काय बोलले ते साहेबांनी यांना विचारलं. यांनी आपल्या चार शब्दांच्या इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी काड्या पुसून फडक्यात गुंडाळल्या, खिशाकडं नेल्या, मग फडक्यातून परत काढून माझ्या फळीवर, वाडग्याशेजारी नीट ठेवल्या.

भोंगा झाला. दोघं घाईनं निघाले. उंबऱ्याशी साहेब थांबले, मागं वळले आणि त्यांना येत असलेला एकुलता एक मराठी शब्द त्यांनी मला विचारला.

"उद्या?"

"उद्या," मी म्हणाले.