कमानीच्या ठरावावरची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, नवरा तोंडाळ आहे, पण खरा आहे. असू दे, तेवढंच तिचं समाधान.

इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी — नेमकं कुठं ते सांगत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे — एका गावाच्या तोंडावर स्वागत कमान दिसेल. वर सिमेंटचे दोन सिंह. एक सिंहासारखा, दुसरा आजारी रेडकासारखा. ही कमान आमच्या घरपट्टीतून उभी राहिली. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी, स्वागत मात्र चोवीस तास! आणि गाव कसलं? उसाचं. हंगामातली पहिली भरलेली ट्रॉली गाणी वाजवत आली आणि कमानीखाली जी अडकली, ती दुपारपर्यंत हलली नाही. मागं एसटी स्टँडपर्यंत रांग. कमान बांधताना एकानंही उसाच्या ट्रॉलीची उंची विचारली नव्हती. तेव्हापासून भरल्या ट्रॉल्या ओढ्याच्या वाटेनं लांबून जातात.

अशी उधळपट्टी दिसली की माझं डोकं फिरतं. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो आणि दुसरा धंदा सुरू केला — अर्ज. रस्ता खचला, अर्ज. खांबावरचा दिवा लागला नाही, अर्ज. दिवसाही चालू राहिला, आणखी एक अर्ज. कचेरीतले लोक माझं अक्षर लांबून ओळखतात आणि चहाला निघून जातात. गाव मला अर्जतात्या म्हणतं. मला ते आवडतं — लपवू कशाला?

मग या कमानीला मंजुरी दिली कुणी?

थांबा. आधी बबन सांगतो. बबन आमच्या पंचायतीचा शिपाई. पाण्याचा व्हॉल्व्ह तो सोडायचा, ऑफिस तो झाडायचा, नोटिसा तो वाटायचा. आणि ग्रामसभाही तोच भरवायचा म्हणा ना. आमच्याकडं लोक सभेला जात नाहीत, सभाच लोकांच्या घरी येते — बबनच्या काखेत, वहीच्या रूपानं. तो दारोदार फिरणार, लोक सह्या करणार. या प्रकाराविरुद्ध मी किती ओरडलो असेन! ओरडायचो आणि सही करायचो.

त्या सकाळी मी ओट्यावर लिहीत बसलो होतो. काय लिहीत होतो? कलेक्टरसाहेबांना पत्र. विषय — जनतेच्या कराच्या पैशाची उधळपट्टी. हसा, हसा. बबननं वही पुढं केली. पेन हातात होतंच. एक ओळ न वाचता मी सही ठोकली आणि पुढच्या वाक्यात ‘बेजबाबदार’ लिहावं की ‘निर्लज्ज’, या विचारात पडलो.

ती सही कमानीच्या ठरावाखाली होती. ‘अनुमोदक’ या शब्दापुढं.

इथवर नुसता मूर्खपणा. माझे मूर्खपणे मी चारचौघांत, मीठमसाला लावून सांगतो. हा का नाही सांगितला?

ट्रॉली अडकल्यावर ग्रामसभा खरोखरीची भरली. मी पाऊण तास तोफ डागली. ठराव करणाऱ्याची गाढवावरून धिंड काढा म्हणालो. टाळ्या. तेवढ्यात गायकवाडबाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, माहितीच्या अधिकारात रीतसर ठरावाची प्रत मागवून, वाचून आलेल्या — गावात बहुधा एकट्याच. शांतपणे म्हणाल्या, “तात्या, अनुमोदक म्हणून सही तुमचीच दिसते.”

काय म्हणायला हवं होतं? हो, माझी आहे, वाचली नव्हती. लोक हसले असते. किती दिवस — एक हंगाम?

मी म्हणालो, “ही सही माझी न्हाय.”

मग कुणाची? वही फिरवणारा तर एकच. सगळ्या माना बबनकडं वळल्या. सरपंचाला आयतीच वाट मिळाली. “काय रं बबन्या, तूच मारलीस व्हय?”

बबननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं — तात्या आता बोलतील. मग म्हणाला, “तात्या न्हाय म्हणत्यात, तर नसंल त्यांची.”

त्याला कामावरून काढला. मला शाल, नारळ आणि ‘करदात्यांचा कैवारी’ अशी पदवी. सत्कार कुठं? त्याच कमानीखाली, बरोब्बर रेडकाच्या खाली. थंडीत ती शाल बायको पांघरते.

एवढंच असतं, तर कदाचित कधीतरी बोललोही असतो. नाही — खरं ते अजून पुढंच आहे.

काही महिन्यांनी बबन घरी आला. अर्जासाठी! गावात अर्ज कोण लिहितं? खुर्ची दिली, तरी पायरीवरच बसला. “परत कामावर घ्या म्हणून चार ओळी लिवा, तात्या. पोरीचं कॉलेज हाय.”

मी चांगला कागद काढला. आणि आयुष्यात लिहिलं नसेल अशा अक्षरात बबनच्या नावानं लिहिलं — सदर सही मी स्वतः केली, माझी चूक झाली, माफी असावी. पाय धरले की सरपंच विरघळेल, असं मनाशी म्हणालो. खोटं. हा कागद एकदा फायलीत गेला की त्या सहीकडं पुन्हा कुणी भिंग लावणार नव्हतं. तेवढ्यासाठी लिहिलं.

कागद पुढं केला. कुठल्या तोंडानं कोण जाणे, म्हणालोही, “वाचून घे.”

त्याला वाचता येतं. चांगलं येतं.

“वाचायचं काय त्यात, तात्या? तुमी लिवलंय.”

आणि त्यानं सही केली.

कामावर त्याला घेतलं नाही. सरपंचाचा भाचा केव्हाच रुजू झाला होता. कागद पंचायतीच्या फायलीत आहे. अक्षर माझं, सही बबनची.

हंगामात तो आता ओढ्याच्या वळणावर उभा असतो. हातात लाल फडकं. भरल्या ट्रॉल्या कमानीकडं जाऊ न देता आडवाटेला वळवतो. मी सायकलवरून जाताना तो फडक्याचा हात वर करतो. “रामराम, तात्या.”

मी रामराम म्हणतो आणि पायडल मारतो.